जितक्या चौकटी तितका कागद

वडिलांचं पत्र माझ्या हातात मोडलं. फाटलं म्हणवत नाही. भाजका पापड मोडतो तसं मोडलं. १९७४ सालचं, नोकरीच्या गावाहून आईला लिहिलेलं, रेघांच्या फुलस्केपवर, दोन्ही बाजूंनी भरगच्च. घडीवर बोट टेकलं आणि एकाची चार शकलं झाली. त्याच टेबलावर वीतभर अंतरावर शके १६९३ चा एक मोडी कागद पडला होता. कुणा कारकुनानं बैलांच्या वैरणीचा हिशेब लिहिलेला, काडीचं महत्त्व नसलेला. तो मी सकाळपासून चारदा उलगडला होता, चारदा त्याची घडी घातली होती, आणि तो आपला धुवट धोतरासारखा मुकाट वळत होता.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले आणि आता एका जुन्या घराण्याचं दप्तर लावायला मदत करते. रुमाल सोडायचा, कागद मोजायचे, विषय टिपायचा, रुमाल बांधायचा. या कामात एक खोड लागली. हाती येईल तो कागद आधी उजेडाकडे धरून बघायचा. दख्खनच्या जुन्या हातकागदात बारीक समांतर रेघा दिसतात. कागद गवताच्या काड्यांच्या चटईवर उचललेला असतो, त्या काड्यांचा तो ठसा. जुन्नरला आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात असे कागद होत. माल काय, तर तागाचे जुने दोर, गोणपाट, चिंध्या. चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, ढेंकीखाली कुटायचं, धुवायचं, पुन्हा कुटायचं. तयार कागदावर खळीचा हात आणि मग दगडानं घोटाई, म्हणजे बोरू अडखळत नाही. हे सगळं मी वाचून सांगायचे. होताना पाहिलं नव्हतं. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत शाळेची सहल गेली होती खरी, पण तेव्हा माझं सगळं लक्ष रंगीत पाकिटांवर.

मग भाच्यानं तवांगहून एक कोरा ताव आणला. सवयीनं उजेडाकडे धरला आणि चमकले. रेघा नव्हत्याच. नुसते लांबच लांब तंतू, तळ्यात शेवाळ पसरावं तसे, कुठेही वळलेले. ‘मोन शुगू म्हणतात,’ भाचा म्हणाला. शुगू म्हणजे कागद. मोनपा लोक एका झुडपाच्या सालीपासून तो करतात. दप्तरातला कुठलाही कागद असा दिसत नव्हता, आणि तो का दिसत नाही हे मला कुणी सांगू शकेना. नोव्हेंबरमध्ये मी निघाले.

गुवाहाटीपासून तवांग दोन दिवसांचं. भालुकपाँगला परवाना दाखवायचा, तिथून रस्ता जो चढायला लागतो तो दिरांगच्या मुक्कामापर्यंत पोटात ढवळत राहतो. सेला खिंडीखालून २०२४ च्या मार्चपासून बोगदा आहे. ड्रायव्हर दिरांगचाच पोरगा. त्यानं विचारलं, ‘आंटी, टनल से?’ मी म्हटलं, वरून. १३,७०० फूट, तळ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय, पताकांचा फडफडाट. वरून गेल्याचा आनंद अर्धा तास टिकला, डोकेदुखी रात्रभर. पुढे जसवंतगडला लष्करी जवान चहा देतात. १९६२ च्या लढाईत इथं पडलेल्या जसवंतसिंह रावत यांचं स्मारक आहे ते. चहा ओतणारा निघाला आपल्या कराडकडचा. मी वाईची म्हटल्यावर न विचारता दुसरा कप भरला आणि ‘ऊस तुटला का हो?’ एवढंच विचारलं.

तवांगचा मठ सतराव्या शतकाच्या अखेरीचा, मेराग लोद्रे ग्यात्सो यांनी उभारलेला. बुद्धाच्या भव्य मूर्तीपुढे सगळे थांबतात. मीही थांबले, पण मन ग्रंथालयात. तिथं भिंतभर कप्पे आणि कप्प्यांत पोथ्या. लांबट सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापड. आपलंच बासन! ज्या शब्दाचा आपण ‘प्रकरण बासनात गुंडाळलं’ इतकाच उपयोग ठेवला आहे, ते बासन इथं रोजच्या वापरात होतं. एका तरुण भिक्षूनं एक पोथी सोडून दाखवली. पान उजेडाकडे धरायचा धीर मला झाला नाही, पण कडेला दोन-तीन तंतू बाहेर आले होते, मिशीच्या केसासारखे. ‘पुराना?’ मी विचारलं. ‘बहुत,’ तो म्हणाला आणि फळी ठेवून दिली.

मुक्तो गावी मला घेऊन गेली ती मी उतरले होते त्या घरची मुलगी. तिच्या ओळखीच्या एक अमा कागद करतात. अमा म्हणजे आई. वयस्कर बाईला सगळे अमाच म्हणतात. वय सत्तरीचं, पाठ किंचित वाकलेली, डोक्यावर याकच्या केसांची ती मोनपा टोपी, जिच्या पाच शेपट्या पावसाचं पाणी तोंडावर येऊ देत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. अमांनी वर पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘आज कागज नहीं. धूप नहीं.’ दोन हजारांहून अधिक किलोमीटर आलेल्या बाईला एवढंच.

आता वाटतं, बरं झालं. ऊन असतं तर मी थेट कागदाशी गेले असते आणि सालीकडे बघितलंही नसतं. त्या ढगाळ दिवशी अंगणात साल सोलायचं काम निघालं.

झुडूप कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं. डॅफ्ने कुळातलं. हिमालयात पश्चिमेला नेपाळात त्याच्या भाऊबंदांना लोक्ता म्हणतात, आणि तिकडे जुने सरकारी दस्तऐवज त्याच कागदावर आहेत. फांदी जमिनीपासून थोडी वर तोडायची, मूळ राखायचं. त्याच बुंध्याला पुन्हा फूट येते आणि काही वर्षांनी तो पुन्हा तोडणीला येतो. झाड मारायचं नाही हा नियम कुणी शिकवलेला नव्हता. ‘जड़ काटेगा तो मेरा नाती क्या करेगा?’ असं अमांचं सरळ गणित. फांदीवरून साल ओढली की एका दमात सर्रकन लांब पट्टी सुटते. तपकिरी वरची साल सुरीनं खरवडून टाकायची. आत उरतं ते पांढरट, रेशमाच्या लडीसारखं. मी एक तंतू दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तुटेना. बोटात रुतला.

‘मुँह में मत डालो,’ मुलगी घाईनं म्हणाली. मी कशाला घालीन? पण झुडूप विषारी असतं. म्हणूनच याच्या पोथ्यांना किडा लागत नाही, असं इकडे सगळे सांगतात. मला आमच्या पोथ्यांचा हरताळ आठवला. तोही जहरच. पिवळ्या हरताळाचा हात कागदाला दिला की कसर दूर राहते, आणि चुकलेल्या अक्षरावर फासला की ते झाकलं जातं. ‘हरताळ फासणं’ आपण आता नुसतं बोलण्यात ठेवलं आहे. आपण जहर वरून लावत होतो. यांचं झाडच घेऊन येतं.

संध्याकाळी चूल पेटली. भिजलेल्या साली मोठ्या पातेल्यात, आणि वर अमांनी टोपलीतून चाळलेली राख घातली. लाकडाची, चुलीतलीच. मी विचारलं, राखच का? अमांनी राखेचं पाणी माझ्या बोटांना लावलं. बुळबुळीत, साबणासारखं. मला एकदम आजी दिसली. तीही राखेच्या पाण्यात धुणं भिजवायची, आणि पापडखार म्हणून जे आपण पापडाच्या पिठात घालतो तोही अशाच राखेचा नातलग. झाडपाल्याच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. त्या क्षारानं सालीतला चिकट भाग सुटतो आणि तंतू मोकळे होतात. तंतूला मात्र फारसा धक्का लागत नाही. आमच्या कागज्यांनी चुना आणि साजीखार वापरून हेच केलं. काही ठिकाणी आता बाजारचा कॉस्टिक सोडा घालतात, काम लवकर उरकतं. अमांच्या घरी दोन्ही होतं. ‘जल्दी है तो सोडा,’ त्या म्हणाल्या. ‘गोम्पा के लिए राख.’ गोम्पा म्हणजे मठ.

रात्री शेगडीशी बसून मी वडिलांच्या पत्राचा विचार करत होते. मी मनाशी एक सोयीचा निकाल लावून ठेवला होता: जुना कागद चिंध्यांचा नि दोरखंडांचा, म्हणून टिकला; नवा लाकडाचा, म्हणून गेला. पण तो खरा नाही. आपल्याकडच्या गिरण्यांनी कित्येक वर्षं लगद्यासाठी बांबू वापरला, आणि बांबू तर गवतच. वडिलांचं फुलस्केप कशाचं होतं कोण जाणे. घात बहुतेक नंतरच्या पायरीनं केला असणार. शाई पसरू नये म्हणून गिरणीच्या कागदात राळ आणि तुरटी घालत. तुरटीतून आम्ल तयार होतं, ते दमट हवेत तंतू हळूहळू खात राहतं. लगद्यात लिग्निन राहून गेलेलं असलं तर कागद पिवळाही पडतो. चुन्यातून किंवा राखेतून आलेल्या कागदात तंतूंना खाणारं हे आम्ल शिरतच नाही, उलट थोडा क्षार मागे राहतो आणि तोच त्याची राखण करतो. म्हणजे कारकुनाच्या वैरणीचा हिशेब वाचला तो चुन्यामुळे. आणि माझ्या वडिलांचं ‘मुलीला ताप आहे का कळव’ हे वाक्य गेलं तुरटीमुळे. मुलगी म्हणजे मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन असं पडलं की डोळे उघडवेनात.

उकडलेली साल अमा झऱ्यावर धूत बसल्या होत्या. किती वेळा धुतात हे मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. बोटांत चोळून बघत, बुळबुळ गेली नसली तर पुन्हा पाण्यात. मध्येच काळा ठिपका दिसला की नखानं काढून टाकत. मग सपाट दगडावर गोळा ठेवून लाकडी मोगरीनं कुटाई. एका लयीत, धप् धप्, आणि दर दहा-बारा घावांनी गोळा उलटायचा. मी अर्धा तास कुटलं. खांदा बोलायला लागला तेव्हा मुलीनं मोगरी काढून घेतली. कुटलेला लगदा पाण्यासह लाकडी चोंग्यात गेला आणि दट्ट्यानं घुसळला. हा चोंगा पाहिल्यासारखा वाटला, आणि होताच: काल रात्री मीठ-लोण्याचा चहा अशाच चोंग्यातून आला होता.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी आले होते.

जमिनीतच लाकडी फळ्यांचा एक उथळ हौद. त्यात स्वच्छ पाणी. अमांनी एक चौकट पाण्यावर ठेवली. लाकडाची, वर पातळ कापड ताणलेलं. ती तरंगली. कापडावर बोटभर पाणी आलं. त्यात चंबूनं लगदा ओतला आणि तळवा पाण्यावर ठेवून हलकेच थोपटायला लागल्या. थोपटणं म्हणजे काय, झोपणाऱ्या पोराच्या पाठीवर फिरावा तसा हात. जिथं जाड दिसलं तिथून बोटांनी पुढे सारलं, जिथं कापड दिसलं तिथं ओढून आणलं. ढगासारखं काहीतरी चौकटभर पसरलं. मग दोन्ही कडा धरून, श्वास रोखून, चौकट समतल उचलली. पाणी खालून गळून गेलं. वर उरलं ते ओल्या सायीसारखं, इतकं पातळ की कापडाची वीण दिसत होती. चौकट तशीच उन्हात भिंतीला टेकवून ठेवली. संपलं. दाबणं नाही, उलटणं नाही, कागद चौकटीवरच वाळणार.

रेघा का नव्हत्या ते उलगडलं. आमचा कागजी चटई लगद्याच्या हौदात बुडवतो, वर काढतो, ओला कागद लगेच दुसऱ्या ओल्या कागदावर उतरवून टाकतो आणि तीच चटई पुन्हा हौदात घालतो. दिवसभरात शेकडो कागद एका चटईवर. थप्पी दाबून पाणी काढायचं आणि एकेक कागद भिंतीला डकवून वाळवायचा. प्रत्येकावर त्याच चटईच्या काड्यांचा शिक्का. इकडे लगदा हौदात नसतोच, तो चौकटीत ओततात. आणि प्रत्येक कागदाला त्याची स्वतःची चौकट लागते, वाळेपर्यंत ती अडकलेली. अमांकडे २२ चौकटी होत्या, त्यांतल्या ३ मोडक्या. म्हणजे एका उन्हात १९ कागद. दुपारी पहिले सुटले आणि ऊन टिकलं तर आणखी १९. ढग आला की काम बंद. मला पेशव्यांच्या काळातली ती अवाढव्य कागदोपत्री व्यवस्था आठवली, प्रत्येक गावाचा ताळेबंद, प्रत्येक खंडीची नोंद. हे राज्य चटईच्या कागदावरच चालणार. चौकटीच्या कागदावर चालायचं तर सह्याद्रीच्या उतारांवर नुसत्या चौकटी उभ्या कराव्या लागल्या असत्या, आणि पावसाळ्याचे चार महिने कचेऱ्या बंद.

मीही एक कागद केला. लगदा एका कोपऱ्यात जमला, मध्ये भोक पडलं, उचलताना चौकट कलली आणि उरलंसुरलं घसरून गेलं. अमांनी काही न बोलता चौकट पाण्यात उलटी मारली, सगळं हौदात. दुसऱ्या खेपेला भोक लहान होतं. त्यांनी ते चौकटीसकट उन्हात ठेवू दिलं. सौजन्य असावं.

कागद वाळताना आम्ही पायरीवर बसलो. अमांना चार-दोन वाक्यांपुरतं हिंदी, बाकी मुलगी सांगायची. लहानपणी गावात किती घरं हे करायची, आता किती, पोरं गाड्या चालवतात, पर्यटकांना घरं देतात. २५ डिसेंबर २०२० ला खादी आयोगानं तवांगमध्ये मोन शुगूचं केंद्र उघडलं. जयपूरच्या कुमारप्पा हातकागद संस्थेची माणसं त्यासाठी आली होती. (हे कुमारप्पा म्हणजे वर्ध्याच्या मगनवाडीतले, गांधीजींच्या ग्रामोद्योगांचे, तिथंही हातकागद व्हायचा. मुक्तोच्या पायरीवर मला वर्धा भेटेल असं वाटलं नव्हतं.) त्या वेळी हजार वर्षांची लुप्त झालेली कला परत आली, असं बरंच छापून आलं होतं. मी ते मुलीकरवी अमांना सांगितलं. त्या हसल्या, दात नसलेलं मोकळं हसू. ‘लुप्त? मैं तो इधर ही थी।’

केंद्रावर माझा राग नाही. तरुण पोरांना यंत्राचा हात मिळाला, मजुरी मिळाली, तर वाईट काय? पण उजेडाकडे धरून पाहणाऱ्या माझ्यासारखीला हेही दिसतं, की चौकटीवरचा कागद वाढवायला दोनच वाटा आहेत: चौकटी वाढवा किंवा घाई करा. पहिलीला जागा लागते आणि उचलायला हात लागतात. दुसरीला फक्त सोड्याचं पोतं पुरतं.

दुपारी कागद सुटला. अमांनी एका कोपऱ्यात नख घातलं आणि हलक्या हातानं ओढत नेलं, चर्रर्र असा बारीक आवाज करत तो चौकटीवरून आला. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर कापडाची वीण. हातात घेतला तर वजनच नाही, आणि मुठीत चुरगळून सोडला तर पुन्हा उलगडतो. मी आठ घेतले. पैसे देताना लक्षात आलं, माझ्या हातातली नोटही लाकडाची नाही. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, आणि आपल्याकडे नाशिकरोडच्या छापखान्यात तो लाखोंनी छापला जातो. जपानी येनचं तर त्याहून गमतीदार: त्याच्या कागदात याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाची साल असते, आणि ती साल अलीकडे नेपाळच्या डोंगरांतून जाते. व्यवहार अमांनाच तेवढा फायद्याचा नव्हता. त्यांनी सांगितलेला भाव ऐकून मी दोनदा विचारलं, आणि मग काही न बोलता जास्त दिले. त्यांनी मोजले आणि जास्तीचे परत केले. त्याऐवजी माझा भोकाचा कागद गुंडाळून हातात दिला.

येताना बोगद्यातून आलो.

घरी आल्यावर मी वडिलांच्या पत्राची चार शकलं काचेखाली जुळवली आणि त्यातला मजकूर मोन शुगूवर उतरवायला बसले. बोरू, काजळाची शाई, सगळं रीतसर. पहिल्याच अक्षराला शाई तंतूंवरून धावत सुटली, ‘सौ.’ची झाली कोळ्याची जाळी. कागदाला खळ नव्हती ना. मोनपा लेखनिक लिहिण्याआधी त्याला काही लावत असतील, हे मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

मग गव्हाचं सत्त्व काढलं, पातळ खळ शिजवली, जुन्या मऊ फडक्यानं दोन्ही बाजूंना हात दिला आणि दोरीवर वाळत घातला. आईची मोठी समुद्रकवडी फडताळात होती. ती घेऊन पाटावर घोटायला बसले. कारकुनाचा कागद समोर ठेवला, नमुन्याला. त्याच्यासारखी चकाकी यायला अजून बराच वेळ आहे. पहिला ताव एका कोपऱ्यात पिंजला, दुसरा बरा आहे. आज तिसरा.